चुका दाखवणारं मशीन

हिंगण्याच्या एका कारखान्यात राइस मिलसाठी इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनत. तिथे सिंधूताई रामटेके चिपा पुसायच्या. काट्यातल्या मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम एका चिपमध्ये लिहिलेला असे. चूक निघाली की चिप जांभळ्या दिव्याखाली वीस मिनिटं ठेवायची; ती कोरी होई, मग इंजिनिअर मुकुंद देव पुन्हा लिहीत. सिंधूताई कुहीच्या, मॅट्रिक पास. दिव्याकडे बघू नका असं सांगूनही संध्याकाळपर्यंत त्यांचे डोळे चुरचुरत.

१९८६ साली चिपा लिहायचं नवीन मशीन घ्यायचं ठरलं. दोन विक्रेते आले. एकाचं मशीन एका वेळी आठ चिपा लिहायचं. दुसऱ्याचं लिहायला सावकाश, पण त्याला डीबगर जोडलेला. चालता प्रोग्राम हवा तिथे थांबवून आत काय चाललंय ते दाखवायचा. सगळ्यांना पहिलं आवडलं. मुकुंदही त्यालाच हो म्हणणार होते.

"साहेब, एक विचारू का?" सिंधूताई म्हणाल्या. "आपल्याले चिपा कमी पडून राहिल्या, का चुका जास्त होऊन राहिल्या? या एका काट्यापायी म्या याच हप्त्यात चाळीस चिपा पुसल्या."

मुकुंदांनी त्या काट्याकडे पाहिलं. तो काटा, पोतं जोरात आदळलं की, आकडा दाखवायचाच थांबे. कारण महिनाभर सापडत नव्हतं.

"मग याच काट्यावर दाखवा," ते दुसऱ्या विक्रेत्याला म्हणाले.

त्यानं काट्यातली चिप काढून तिथे आपल्या मशीनची वायर खोचली. सिंधूताईंनी पोतं आदळलं. विक्रेत्यानं प्रोग्राम थांबवून पाहिला, तर तो एकाच जागी गोल गोल फिरत होता. काटा डुलायचा थांबेपर्यंत वाट बघ, असं मुकुंदांनी लिहिलं होतं; थांबलाच नाही तर काय, ते लिहायचं राहिलं होतं.

"माझीच चूक," ते हसून म्हणाले.

डीबगर आला, चुका चिप लिहिण्याआधीच सापडू लागल्या आणि दिव्याचं काम जवळजवळ संपलं. "काहून बोलल्या तुम्ही?" सुपरवायझर मनोहरराव हळहळले. "आपलं काम आपल्याच हातानं घालवलं." दोन महिने सिंधूताईंनी पॅकिंगमध्ये खोकी बांधली.

मग एक दिवस मुकुंद स्वतः पॅकिंगमध्ये आले. "सिंधूताई, काटे तपासायला माणूस हवाय. मशीन मी शिकवतो."

"इंग्रजी लई नाही येत मले."

"बटणं नऊच आहेत."

दिवाळीपर्यंत त्यांना नऊही पाठ झाली. पुढे नव्या इंजिनिअरांना त्या आधी काटा बिघडवून दाखवायच्या, मग मशीनला हात लावू द्यायच्या.