ताप नव्हता

मुलगा गेल्यापासून सलूनवाल्याला माणसांची किळस यायला लागली होती. सतरा वर्षांचं पोर, त्यानं स्वतःच जीव दिला. पण सगळे स्मशानातून परतायच्या आतच थोरल्या भावानं "ताप मेंदूत गेला" अशी आवई उठवली, आणि सलूनवाल्यानं मान डोलावली. मान हलवण्यापलीकडे अंगात त्राणच नव्हतं.

मग गिऱ्हाइकं येऊ लागली. ज्यांचे केस वाढलेलेच नव्हते तीसुद्धा! खुर्चीत बसायचं, मान मागे टाकायची आणि हळूच विचारायचं, "ताप आधीपासून होता का हो?" आरशातून त्यांचे डोळे त्याच्या तोंडावर माशीसारखे बसायचे. घरी जाऊन तो कोपरापर्यंत हात घासायचा. बायको त्याच्यापुढे ताट सरकवून आत निघून जायची. खरं बोलायचं नाही असं ठरल्यावर बोलणार तरी काय?

एके सकाळी जागांचा एक दलाल दाढीला बसला. एक गाल झाला, दुसऱ्यावर फेस होता. बाकावरच्या माणसाला तो म्हणाला, "ताप कसला डोंबलाचा! हल्लीची पोरंच भेकड. आणि आईबापांचं लक्ष नको?"

सलूनवाल्यानं वस्तरा मिटला, टॉवेल ओढून घेतला.

"उठा."

"अहो, अर्धी राहिलीय!"

"उरलेली घरी करा." मग तो बाकाकडे वळला. आवाज फाटला होता. "ताप नव्हता. माझ्या पोरानं आत्महत्या केली. भेकड नव्हता तो. त्याला आतून काय खात होतं ते आम्हाला कळलं नाही. झालं समाधान?"

दुपारी थोरला घरी हजर. "चारचौघांत नाक कापलंस आपलं! तोंड कुठं दाखवू मी?"

बायको आतून आली. "भाऊजी, माझं पोर गेलंय. तुमचं नाक आहे जागेवर."

थोरला तणतणत गेला, तो पुन्हा फिरकला नाही. दलालानं दुसरं सलून धरलं, जाताना चार गिऱ्हाइकंही फोडली. सलूनवाल्याची किळस मात्र गेली नाही. कुणी "कसे आहात?" म्हटलं तरी त्याला त्यात चौकशीचा वास यायचा.

पण आता संध्याकाळी नवरा-बायको पोराबद्दल बोलू लागले. अंघोळ करताना पोरगा कसा बेसूर शिट्ट्या मारायचा, रागावला की कसा दार आपटायचा. बोलता बोलता कधी ती रिकाम्या पलंगाकडे बघून ओरडायची, "एकदा तरी सांगायचं होतंस रे!" सलूनवाला तिला गप्प करायचा नाही. नुसता शेजारी सरकून बसायचा.