धोंडूचा सातवा घाव

सहदेव मेस्त्रीचा उजवा खांदा कामातून गेला, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी त्याला बजावून सांगितलं, की यापुढे घण उचलायचा नाही. सहदेवने मान डोलावली. आपण घण उचलायचा नाही एवढंच डॉक्टर म्हणाले. घणाने आपणहून वर-खाली व्हायला त्यांची काही हरकत नाही, असा अर्थ त्याने दवाखान्याचा जिना उतरता उतरता काढला. साकीनाक्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मेंटेनन्स फिटर म्हणून काढलेल्या माणसाला साहेबांच्या हुकमातून अशी पळवाट काढायची सवय असते.

सहदेव मूळचा कुडाळकडचा. वडील गावात कोयते-विळे घडवायचे. सहदेव आणि त्याचा धाकटा भाऊ धोंडू मुंबईला आले, एक कारखान्यात लागला, दुसरा टेम्पोच्या गॅरेजात. पण येताना त्यांनी वडिलांची ऐरण बोचक्यात बांधून आणली होती. अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या नवप्रभात सोसायटीत सहदेवला तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. सोसायटीचा पाण्याचा पंप तो फुकट सांभाळायचा, त्या बदल्यात मागची जुनी पंपरूम त्याच्या ताब्यात होती. तिथे दोघे भाऊ दर रविवारी भट्टी पेटवून बसत. तक्रार करणारे लोक तेव्हा सोसायटीत राहायला यायचे होते.

लोहारकाम एकट्याचं नसतं. एकाने लाल लोखंड सांडशीत धरून फिरवायचं, दुसऱ्याने घण मारायचा. घण धोंडूकडे. धोंडूला घण मारता मारता गप्पा मारायची खोड होती, आणि दर सहा घावांनंतर तो बोलायला श्वास घ्यायचा. त्यामुळे सातवा घाव अंमळ उशिरा पडायचा, तोही तिरका. प्रत्येक कोयत्याच्या पाठीवर मुठीजवळ एक नखाएवढा अर्धगोल खळगा राहायचा. सहदेव शिव्या घालायचा, धोंडू हसायचा, आणि वर्सोव्याच्या मासळीबाजारातल्या कोळणी तो खळगा बघूनच कोयता खरा मेस्त्रींचा म्हणून घ्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी धोंडू साध्या तापाने गेला. तीन दिवसांत गेला. सहदेव वर्षभर एकट्यानेच डाव्या हातात सांडशी आणि उजव्या हातात घण घेऊन झटत राहिला, आणि खांदा घालवून बसला.

हे सगळं सोनूबाईला सांगून उपयोग नव्हता. सोनूबाई वर्सोव्याच्या बाजारात पापलेट-सुरमई विकणारी, साठीची. वीस वर्षांपूर्वी दोघा भावांनी तिला घडवून दिलेला कोयता धार लावून लावून दोन बोटांएवढा उरला होता. नवा करून देतो, असा शब्द सहदेवने धोंडूच्या देखत दिलेला. बाजारातला तयार कोयता ती हातात धरायला तयार नव्हती. "त्यानं मच्छी कापत नाय, रडत," असं तिचं मत होतं. सहदेव मासे घ्यायला गेला, की ती तो झिजलेला कोयता त्याच्या नाकासमोर धरायची आणि विचारायची, "काय रं मेस्त्री, कवा?"

म्हणून सहदेवने घण मारणारं यंत्र बनवायला घेतलं.

साहित्य जमवायला चार महिने लागले. टेम्पोच्या पाट्यांची जाड स्प्रिंग धोंडूच्या गॅरेजातल्या दोस्तांनी दिली. त्यातले अर्धे पाटे यंत्राला आणि एक पाटा सोनूबाईच्या कोयत्यासाठी वेगळा काढला. स्कूटरचं चाक घरचं, कारण स्कूटर अकरा वर्षं जिन्याखाली विश्रांती घेत होती. मोटर मात्र सोसायटीची. पंपरूमच्या एका कोपऱ्यात सिमेंटच्या चौथऱ्यावर जुन्या पंपाची मोटर बोल्टांनी आवळून ठेवलेली होती. ती भंगारात काढायचा ठराव सहा वार्षिक सभांमध्ये चहा आल्यामुळे पुढे ढकलला गेला होता. चेअरमन श्यामकांत टिपणीस, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, "वापरा हो, अडगळच आहे," असं लिफ्टचं दार बंद होता होता म्हणाले. सोसायटीत याला तोंडी परवानगी म्हणतात. ती देणाऱ्याला नंतर कधीच आठवत नाही.

रचना सोपी होती. मोटर पट्टा फिरवणार, पट्टा चाक फिरवणार, चाक स्प्रिंगचं एक टोक वर-खाली हलवणार, आणि स्प्रिंगच्या दुसऱ्या टोकाला लटकवलेला पंचवीस किलोंचा लोखंडी ठोकळा ऐरणीवर आपटत राहणार. पायाखाली पेडल. दाबलं की पट्टा ताणला जाऊन घाव पडायचे, सोडलं की थांबायचे. मोटर एका कोपऱ्यात आणि ऐरण दुसऱ्या कोपऱ्यात, त्यामुळे पट्टा चांगला लांबलचक लागला. कारखान्यातला जुना कॅनव्हासचा पट्टा त्याने जोडून शिवून घेतला.

"ह्यो तर माझ्या शिलाई मशीनीचो थोरलो भाव," त्याची बायको प्रेमा दारात उभी राहून म्हणाली. "खांद्याची वाट लागली तरी तुमची हौस काय जाता नाय."

पहिल्या चाचणीत ठोकळा सुटून खिडकीबाहेर गेला. बाहेर सुदैवाने फक्त सोसायटीचा तुळशीचा कट्टा होता. दुसऱ्या चाचणीत ठोकळा जागेवर राहिला, पण अख्खं यंत्रच उड्या मारत दारापर्यंत आलं. तिसऱ्या वेळी सहदेवने ते जमिनीत गाडलेल्या लाकडी ओंडक्यांवर बसवलं, खाली जुने टायर आणि वाळू भरली, आणि पेडल दाबलं. ठण, ठण, ठण, ठण, ठण, ठण... आणि मग किंचित थांबून, ठण.

पट्ट्याची शिवण मोटरच्या चाकावर आली, की पट्टा जरा घसरत होता. दर सहा घावांनंतर, आणि सातवा घाव तिरका पडत होता.

प्रेमा हात पिठाचे असतानाच घरातून धावत आली आणि पंपरूमच्या दारात उभी राहिली. मग ती म्हणाली, "धोंडूभावजी," आणि पदराने डोळे पुसताना सगळं पीठ तोंडाला फासून घेतलं. नवा पट्टा आणला तर हा दोष पाच मिनिटांत जाईल, हे सहदेवला पक्कं माहीत होतं. त्याने नवा पट्टा आणला नाही. त्या दिवसापासून यंत्राचं नाव धोंडू पडलं.

आठवड्याभरात पहिली नोटीस आली. सदर आवाजामुळे गच्चीवरच्या ध्यानवर्गात व्यत्यय येतो, असं तिच्यात म्हटलं होतं. ध्यानवर्ग लाउडस्पीकरवर चालायचा, त्यामुळे ध्यान करणाऱ्यांना धोंडू नेमका कसा ऐकू येत होता, ते देवाला ठाऊक. दुसऱ्या नोटिशीत, सोसायटीची मोटर कोणाच्या परवानगीने वापरली, अशी विचारणा होती. खाली सही श्यामकांत टिपणीस यांची. तिसरीत पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून पंपरूमला कुलूप लागेल असं कळवलं होतं. सोनूबाईचा नवा कोयता तेव्हा निम्मा झाला होता. पात्याचा आकार आला होता, पाठ घडवायची राहिली होती. सहदेवने धोंडूवर चादर घातली आणि दोन दिवस तो नीट जेवला नाही.

मग गंधाली आली. पाचव्या मजल्यावरची गंधाली मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिराती लिहायची. ती खरं तर तक्रार करायलाच खाली उतरली होती, पण भिंतीला टेकवलेलं ते अर्धवट काळं पातं बघून जागीच थबकली.

"काका, हे तुम्ही हाताने केलंय? सो रॉ, यार! हे लोकांपर्यंत पोचायला हवं ना!"

"हातान नाय. धोंडून केल्यान," सहदेव प्रामाणिकपणे म्हणाला आणि चादर बाजूला केली.

गंधालीचा चेहरा उतरला. मोटर, पट्टा, स्कूटरचं चाक. तिने स्वतः चादर पुन्हा ओढली. "हे नको दाखवायला. परंपरेत मशीन बसत नाही ना."

ही गंधाली चेअरमनला भेटली आणि चमत्कार झाला. वॉर्डात आदर्श सोसायटीची स्पर्धा जाहीर झाली होती, आणि त्यात वारशासाठी वेगळे गुण होते. नवप्रभातचा वारसा म्हणजे आतापर्यंत गळकी टाकी आणि तिच्यावरून चाललेली भांडणं. आता तळमजल्यावर चक्क लोहार सापडला. जो आवाज कालपर्यंत ध्वनिप्रदूषण होता, तो समितीच्या बैठकीत बिनविरोध सांस्कृतिक ठेवा झाला.

श्यामकांत टिपणीस स्वतः पंपरूममध्ये आले. "मेस्त्री, नवमीला रविवार आहे. अंगणात कार्यक्रम ठेवू, 'आपला वारसा'. परीक्षक येतील. तुम्ही धोतर नेसून घणाचे दहा-बारा घाव मारायचे, बास. नीट झालं तर खोली कायमची तुमच्या नावे लेखी देतो. नाही झालं तर... समितीचा निर्णय तुम्हाला माहीतच आहे."

"माझो खांदो गेलोहा, साहेब."

"दहाच घाव हो! आणि ते मशीन तेवढं झाकून ठेवा."

त्या थोर मंडळींपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की ज्या दिवशी त्यांनी लोहाराला घण मारायला बोलावलं होतं, ती खंडेनवमी. वर्षातला तो एक दिवस लोहाराचा घण उचलला जात नाही. हत्यारं धुवायची, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि त्यांना विसावा द्यायचा. सहदेवच्या बापाने उभ्या जन्मात तो नेम मोडला नव्हता. एकदा खुद्द खोतांच्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटली, तरी तो म्हणाला होता, उद्या या. परंपरा दाखवायच्या नादात नवप्रभातने परंपरेच्याच मानेवर पाय ठेवला होता.

सहदेवला हे ठाऊक होतं. पण कुलूपही दिसत होतं. तो गप्प बसला, आणि त्याची त्याला मनातून फार लाज वाटली. प्रेमाने रात्रभर अबोला धरला. सकाळी धोतर मात्र तिनेच इस्त्री करून दिलं.

नवमीला अंगणात मांडव पडला. फलकावर दोन तलवारी आणि मधे चेअरमनचा फोटो होता. पंपरूमच्या दाराशी ऐरण मांडली, शेजारी शोभेची भट्टी पेटवली, आत धोंडू चादरीखाली. परीक्षक आले, गंधालीने मोबाइल तिकाटण्यावर लावला. सहदेवने दोन्ही हातांनी घण धरला. खांद्यातून कळ गेली. त्याने डोळे मिटले आणि घण गुडघ्यापर्यंत उचलला.

"मेल्या, आज खंडेनवमी हाय!"

गर्दीतून सोनूबाई पुढे आली. दर नवमीला ती आपला कोयता धुऊनपुसून मेस्त्रींच्या पूजेत ठेवायला आणायची; धोंडू गेल्यावरही ते चुकलं नव्हतं. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेला कोयता आणि झेंडूची माळ होती. "घण खाली ठेव आधी. तुझा बा असता तर तुला भट्टीत घातला असता!"

सहदेवने घण ठेवला. आयुष्यात कोणाच्या शिव्या त्याला इतक्या गोड लागल्या नव्हत्या.

"अहो बाई, परीक्षक..." टिपणीस पुटपुटले.

"त्यांना पण टिळा लावते," सोनूबाई म्हणाली, आणि कोणाला काही कळायच्या आत पंपरूममध्ये शिरली. "पूजा आत असतं. ह्यावर चादर का रं घातलंस? मेलाय काय कोन?" तिने चादर ओढून काढली, यंत्राकडे खालीवर पाहिलं, आणि माळ घातली ती थेट ठोकळ्याच्या गळ्यात. प्रेमा हळदकुंकवाची वाटी घेऊन तयारच होती.

पुढे जे झालं त्याला आपल्या लोकांचा स्वभाव कारण. पूजा सुरू झाली म्हटल्यावर मागे कोण राहणार? सगळ्यांत आधी परीक्षकांनी चपला काढल्या. मग कोणी स्क्रूड्रायव्हर आणला, कोणी मिक्सर, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दोन लॅपटॉप आणि वजनं उचलायचे डंबेल आणले. ध्यानवर्गाचा लाउडस्पीकरही रांगेत आला. टिपणीसांनी चपळाई करून आरतीचं ताट हाती घेतलं, सोसायटीचा शिक्का धोंडूच्या पायाशी ठेवला, आणि आपण हाच कार्यक्रम ठरवला होता असं परीक्षकांना सांगितलं. गंधालीने सगळं टिपलं, मोटरसकट.

एक तारखेला कुलूप काही आलं नाही. समितीची बैठक झाली, नोटीस टाइपही झाली. पण कुंकू लावलेल्या, आरती केलेल्या वस्तूला हलवण्याच्या कागदावर सही करायला सातांपैकी एकही सभासद धजेना. प्रत्येकाने पेन शेजाऱ्याकडे सरकवलं. तेवढ्यात चहा आला.

पण सहदेवने तोवर वाट पाहिलीच नव्हती. दसऱ्याला संध्याकाळी चार वाजताच त्याने धोतर न नेसता, जुन्या खाकी पँटीत, पेडलवर पाय ठेवला. ध्यानवर्गाला सुट्टी होती. पाचपर्यंत पाठ घडून झाली. धार लावून, मूठ बसवून तो दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेला आणि कोयता सोनूबाईच्या पाटावर ठेवला.

तिने तो उचलला, तोलला, बर्फावरच्या सुरमईचे दोन तुकडे केले. मग पात्याची पाठ बोटाने चाचपत मुठीपर्यंत आली आणि थांबली. तिने जुना कोयता काढून शेजारी ठेवला. दोन्हींवर मुठीजवळ नखाएवढा अर्धगोल खळगा होता.

"घण कुनी मारला?" तिने विचारलं.

"धोंडून," सहदेव म्हणाला.

सोनूबाईने त्या खळग्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तिथेच राहू दिला.

"अजून तसाच चुकतंय मेला," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं पापलेट कापायला घेतलं.