मिठाचा बार

"भाजीला बारीक, माणसाला मध्यम, डुकराला जाड."

लग्न होऊन मी कोल्हारला आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी खडेमिठाची पाटी आणि दगडी खल माझ्यापुढे सरकवला आणि मीठ कसं कुटायचं ते असं सांगितलं. भाजीचं मला समजलं. बाकीचं समजेना. मी नगर शहरात वाढलेली, वडील शाळेत मास्तर. माणसाला आणि डुकराला वेगवेगळं मीठ लागतं हे कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं. भीत भीत विचारलं, "माणसाला म्हणजे?" त्यांनी मान न वळवता मागच्या भिंतीकडे अंगठा केला. तिथं खुंट्यांवर एक लांब नळीची ठासणीची बंदूक आडवी टांगलेली होती.

"तिच्यात घालायचं. खाली दारू, वर चिंधी, मग मीठ, वर परत चिंधी. शिसं आपल्या घरात चालत न्हाई."

मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. गाव त्यांना मीठवाल्या पाटलीणबाई म्हणायचं, आणि त्या नावात थोडी थट्टा आणि बराच धाक असायचा. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कपाळ मोकळं, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. बंदूक उभी धरली तर त्यांच्या डोक्याच्या वर हातभर जायची. प्रवरेच्या काठाला आमची मोसंबीची बाग आणि पाटाच्या पाण्यावरचा ऊस होता. नदीकडच्या बाभळींच्या दाटीतून दिवस मावळता मावळता रानडुकरं उसात शिरायची, आणि बागेत शिरायची माणसं. दोघांचा बंदोबस्त आत्याबाईंकडे होता.

सासरे वारल्यावर बंदुकीचा परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यायला त्या बैलगाडीने नगरला गेल्या होत्या. कचेरीतल्या साहेबाने दुभाष्यामार्फत विचारलं, की बाई, तुम्हाला ही चालवता येते का? आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या रानातल्या डुकरास्नी इचारा." साहेब हसला म्हणे. परवाना मिळाला.

बार काढायच्या आधी त्या नेहमी ओरडून सांगत. समोर माणूस असो की जनावर, त्यांना फरक नव्हता. बांधावर उभं राहून त्यांची खणखणीत हाक यायची, "निघ रं बाबा! मी बार काढती!" मग थोडं थांबायच्या. पळायला वेळ मिळाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, डुकराला काय कळतंय?" त्या म्हणाल्या, "त्याला न्हाई कळत, पन मला कळतंय न्हवं?" जवळून त्या कधी मारत नसत. जवळून उडवलेलं मीठसुद्धा गोळीच असतं, लांबून उडवलं तर नुसतं चावतं, हे त्यांनी मला इतक्या वेळा बजावलं की आजही मी कुणाला रागावून बोलायला जाते तेव्हा आधी दोन पावलं मागे होते.

शिसं का चालत नाही, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मोसंबीला आळी करत असताना. माझे सासरे छर्रे भरायचे. एका संध्याकाळी उसात सळसळ झाली, त्यांनी डुक्कर समजून बार काढला, आणि उसातून पोरीची किंकाळी आली. शेजारच्या वस्तीवरची चंद्रा गवत कापायला शिरली होती. सासऱ्यांनी तिला खांद्यावर घालून दवाखान्यापर्यंत पळत नेलं. जीव वाचला; एक डोळा गेला. त्यानंतर त्यांनी बंदुकीला हात लावला नाही, आणि फार जगलेही नाहीत. चंद्रासाठी स्थळ आत्याबाईंनी स्वतः हिंडून शोधलं, लग्नही आमच्याच अंगणात लावून दिलं.

"मालक गेले तवा समदे म्हनले, बंदूक इकून टाका," आत्याबाई हातातलं खुरपं न थांबवता सांगत होत्या. "पन रान तर राखायचंच हाय. डुकरं काय सुतक पाळत्यात? मग म्हनलं, मीठ घालू. रातभर आग होईल, सकाळी उठून डोळ्यांनी बघंल तर खरा."

गावातल्या एका वजनदार गृहस्थांना ते मीठ लागलं होतं. नाव कशाला सांगू, त्यांची नातवंडं आता भेटली की वाकून नमस्कार करतात. दिवेलागणीला ते पिशवी घेऊन बागेत शिरले. आत्याबाईंनी हाक दिली. बाईमाणूस काय बार काढणार, असं समजून ते मोसंबी तोडतच राहिले. दुसऱ्या दिवशी चावडीवर त्यांनी सगळं कामकाज उभ्याने केलं. आत्याबाईंनी मला खोबरेल तेलाची वाटी आणि मोसंब्यांची पाटी देऊन त्यांच्या घरी धाडलं. "म्हनावं, मीठ कोमट पान्यानं धुवा नि त्याल लावा. नि फुडल्या खेपंला दारातनं या, मोसंबी कुनाला न्हाई म्हनली न्हाई." त्यांच्या बायकोने पाटी घेतली आणि पदर तोंडात कोंबून आत पळाली. पुढच्या हंगामात ते दारातून आले. आत्याबाईंनी त्यांना गूळपाणी दिलं आणि बसायला घोंगडी टाकली. "बसा की निवांत," म्हणाल्या. चेहऱ्यावर रेषा हलली नाही.

मलाही त्यांनी बंदूक शिकवली. पहिल्या बाराला मी बांधावरून मागे पडले आणि खांदा निळा झाला. त्या संध्याकाळी त्यांनी रुईची पानं तव्यावर गरम करून माझा खांदा शेकला. आई गेल्यापासून असा हात माझ्या अंगावरून कुणी फिरवला नव्हता. मी रडायला लागले. दुखतंय म्हणून रडते असं त्यांना वाटलं असावं, किंवा तसं त्यांनी दाखवलं. "दुसऱ्या बाराला कमी लागंल," एवढंच म्हणाल्या.

मग बेचाळीस साल आलं. माझे यजमान, रंगनाथ, पुण्याला दोन वर्षं शिकून परत आलेले. रानात मन नव्हतं, वर्तमानपत्रात होतं. ऑगस्टनंतर ते घरातून नाहीसे झाले. कुठे तारा तुटल्याची, कुठे टपाल लुटल्याची बातमी यायची, आणि आत्याबाई ऐकून घेऊन गोठ्यात निघून जायच्या. त्याच दिवसांत त्यांनी बंदूक भिंतीवरून उतरवली आणि ज्वारीच्या कणगीत घातली. हे फक्त मला ठाऊक होतं.

दसरा उलटल्यावर एका संध्याकाळी यजमान उसातून आले. दाढी वाढलेली, पायात काही नाही. बरोबर त्यांचा मित्र सदाशिव होता, आमच्या लग्नात वाढपी म्हणून मिरवलेला, सारखा हसणारा. त्या दिवशी तो हसला नाही. दोघं चुलीपाशी बसले, भाकरी खाल्ली, आणि मग यजमान म्हणाले, "आई, बंदूक पायजे."

"डुकरं मारायला?"

"तुला ठावं हाय कशाला."

"मग न्हाई."

"आई, देशाचं काम हाय. तुझ्या मिठानं इंग्रज जानार न्हाई."

आत्याबाई तव्यावरची भाकरी उलटत होत्या. "मूठभर मिठानंच हलला व्हता म्हनं त्यो. तूच पेपरात वाचून दावलं व्हतं मला. शाळंत हुतास तवा."

यजमान मग माझ्याकडे वळले. "तुला माहीत आहे ना कुठे ठेवलीय? सांग."

माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झालेली. नवऱ्याचा शब्द मी कधी मोडला नव्हता, आणि त्यांचं काम चांगलं आहे याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. काय करायचं ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मला एकदम चंद्राचा चेहरा आठवला, पदर एका बाजूने पुढे ओढून घ्यायची तिची सवय. मी मान खाली घातली आणि काही बोलले नाही.

यजमान उठले. दारात थांबून आईला म्हणाले, "तुला चंद्रीचा डोळा दिसतो. एवढा मोठा देश दिसत न्हाई." आणि दोघं गेले. आत्याबाईंनी उरलेल्या भाकरी फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. ते गाठोडं तिथंच राहिलं.

काही दिवसांनी फौजदार आले. रंगनाथ फरारी, म्हणून घरातला परवाना रद्द आणि बंदूक जमा. आत्याबाईंनी स्वतः कणगीतून बंदूक काढून आणून दिली. शेजारी भरून ठेवलेला मिठाचा बटवा होता. फौजदारांनी त्यातली चिमूट उचलली, वास घेतला, जिभेवर ठेवली आणि चक्रावून गेले. "बाई, हे तर मीठ आहे."

"व्हय. आमचंच हाय," आत्याबाई म्हणाल्या. "नि खाल्लंत तुमी आता. माजा पोर घावला तर त्याच्यावर हात उगारू नगा."

फौजदार बंदूक घेऊन गेले. यजमान पौषात सापडले, सदाशिवबरोबर तुरुंगात गेले. मार किती बसला ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बंदूक गेल्यावर डुकरांनी ऊस आडवा केला. आम्ही दोघी पत्र्याचे डबे बडवायचो, गोफण फिरवायचो. आत्याबाई सवयीने बांधावर उभ्या राहून "निघ रं बाबा" अशी हाक द्यायच्या, आणि मग हाती काहीच नसल्यामुळे तशाच उभ्या राहायच्या. अशा वेळी मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायची. ती तीन वर्षं आम्ही दोघींनीच संसार केला. एकाच घोंगडीवर बसून जेवायचो. मला अजून वाटतं, माझ्या आयुष्यातला सगळ्यात भरलेला काळ तो होता.

यजमान सुटून आले ते वेगळेच माणूस होऊन. रानात मुकाट्याने काम करायचे. आईशी बोलत नसत. "आईला सांग, उद्या पाळी आहे पाण्याची." आई समोरच बसलेली असायची. त्या मला म्हणायच्या, "त्याला म्हनावं, ऐकलं." मी दोघांच्या मधे निरोप पोचवत राहिले. तुरुंगात सदाशिव तापाने गेल्याचं आम्हाला कळलं होतं. यजमान ते दुःख आईवर काढत आहेत असं मला वाटायचं. आत्याबाईंनाही तसंच वाटत असावं.

स्वातंत्र्य आलं तेव्हा भगवतीच्या देवळापासून मिरवणूक निघाली. यजमानांच्या गळ्यात हार घातले. लोक त्यांच्या शौर्याच्या गोष्टी सांगत होते. घरी आल्यावर त्यांनी ते हार बैलांच्या गळ्यात घातले आणि थेट बागेत गेले. आत्याबाई मोसंबीखाली पालापाचोळा गोळा करत होत्या. मी पाण्याची कळशी घेऊन मागून गेले होते, म्हणून ऐकलं.

"आई," ते म्हणाले. किती तरी वर्षांनी त्यांनी आईला सरळ हाक मारली होती. "तू न्हाई म्हनलीस, मग सदानं दुसरीकडनं बंदूक आनली. एक हवालदार आडवा आला. सदा घाबरला नि बार निघाला. म्हातारा मानूस हुता गं, राहुरीकडचा, आपल्यासारखंच बोलत हुता. पानी मागत हुता. मी हुतो तिथं." जरा थांबून ते म्हणाले, "तुझी बंदूक मिळाली असती, तर ती माझ्या हातात असती. तुझ्या तोंडाकडं बगवत न्हाई मला."

आत्याबाई पाचोळ्याची पाटी हातात धरून उभ्या होत्या. "बघ, मी म्हनलं व्हतं," असं त्या म्हणाल्या नाहीत. रडल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, "त्याच्या घरी कोन हाय?"

"बायकू हाय. ल्हान ल्योक हाय."

"तू गेल्तास?"

"न्हाई."

"उद्या गाडी जुप. मी येती संगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी माय-लेक निघाले. गाडीत ज्वारीचं पोतं होतं. त्या घरात काय घडलं, त्या बाईने दार उघडलं की नाही, ज्वारी घेतली की अंगणात फेकली, हे मला दोघांपैकी कुणीही कधी सांगितलं नाही. पण पुढे दर वर्षी सुगी झाली की यजमान एकटे गाडी घेऊन त्या वाटेला जायचे, आणि हवालदाराच्या मुलाला नोकरी लागल्यावरच ते जाणं थांबलं.

आत्याबाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. एका हिवाळ्यात छातीत कफ भरला आणि दोन दिवसांत संपलं. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या. बागेत मोसंबीला कळी आली का, एवढं विचारलं. आता तिथं बाग नाही, ऊसही आमचा नाही, डुकरांची बाभूळही कुणी ठेवली नाही. यजमानांना जाऊनही बरीच वर्षं झाली. अंगणात बसलं की अंगावरून गरम रुईच्या पानाचा वास गेल्यासारखा वाटतो, आणि मी उगाच आत डोकावते.

पण सगळ्यात जास्त आठवते ती त्या दिवशी हवालदाराच्या घरून परत येणारी माय-लेकांची गाडी. ऊन कलतं झालेलं होतं. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. गाडी दिसायच्या आधी घुंगरांचा आवाज आला, आणि त्या आवाजात मिसळलेले दोन आवाज. मी कान दिला.

"ढवळ्या लंगडतोय गं आई. खूर बगायला पायजे."

"मगाधरनं मी तेच सांगती हाय. पन तू ऐकशील तर!"

"ऐकतोय की. बोल."

गाडी अंगणात वळली. मी उठून पाणी घेऊन पुढे जायला हवं होतं. गेले नाही. सूप मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले, आणि ती दोघं बैलाच्या खुराबद्दल बोलत राहिली.