नारळाच्या दुधाला विरजण

इकडं ये गं सुमे, अशी जवळ बस. फोनवर "मावशी, आक्का कशा आहेत?" एवढं विचारून ठेवून देतीस, ही काय खुशाली झाली? अख्ख्या अंबडात नारळाच्या दुधाला विरजण लावणारी बाई एकच आहे, आन् ती तुझी मावशी आहे. त्यात तुझाही हात आहे, म्हणून ऐक.

आक्का, माझ्या मोठ्या नणंदबाई, केमो सुरू झाल्यापासून आमच्याकडंच राहून राह्यल्यात. औषधानं पोट असं बिघडलं, की दुधाचा चहा घेतला तरी संडासाकडं पळापळ. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी बजावलं, काही दिवस दूध-दुभतं बिलकुल बंद, मऊ आन् हलकं तेवढंच द्या. पण आक्का ताटाकडं बघायच्याच न्हाईत. समद्याला लोखंडाची चव येते म्हणायच्या. (माझ्या स्वयंपाकाला त्या आधीही असंच काहीतरी म्हणायच्या, पण या वेळी दोष माझा नव्हता!)

आन् एक दिवस आपणहून म्हणाल्या, "मंगल, तांदळाची खीर खावीशी वाटून राह्यली."

मी जल्दी मॅडमना विचारलं. नारळाचं पातळ दूध, गुरगुट्या भात, साखर जपून. थोडी थोडी द्या, म्हणाल्या. संध्याकाळीच नारळ खवला, कोमट पाण्यात वाटला, गाळून दूध काढलं. पातेलं ओट्यावर ठेवलं. शेजारी आमचं म्हशीचं दूध निवत होतं. तेवढ्यात तुझा फोन! तू तुझ्या सासूचं गाऱ्हाणं सांगून राह्यलीस, मी "हं, हं" करत देवापुढं दिवा लावला आन् रोजच्यासारखं विरजणही लावलं. पांढरं दिसलं की दही टाकायचं, हाताला सवयच. एक पातेलं कोपऱ्यात गेलं, दुसरं फ्रिजात.

सकाळी फ्रिजातल्या दुधाची खीर ठेवली. वर ही जाड साय! नारळाला साय कशी? म्हटलं, नारळ चांगला निघाला.

वेलचीच्या वासानं आक्का कुणी न धरता उठून बसल्या. मी वाटी हातात दिली, आन् सैपाकघरातून आमच्या ह्यांनी विचारलं, "अगं, हे दही कसलं? वर खोबरं, खाली पाणी!"

म्हंजे विरजण नारळाच्या दुधाला लागलं, आन् वाटीत म्हशीचं दूध! दोन दिवसांनी केमोची पुढची सलाईन होती. पोट बिघडलं तर डॉक्टर सलाईन न लावताच माघारी धाडणार, मागच्या वेळी धाडलंच होतं. चमचा आक्कांच्या ओठाशी. मी मनगट धरलं.

"तोंडचा घास काढतीस?"

"मुंगी हाय त्यात, आक्का."

"मंग चष्मा दे माझा. मी काढते."

आता चष्म्यानं म्हैस दिसली असती! सगळं खरं सांगून टाकलं. आक्कांनी वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता परत भिंतीकडं तोंड करून निजतात. पण त्या भिंतीला धरून उठल्या, सैपाकघरात येऊन खुर्चीवर बसल्या आन् म्हणाल्या, "नारळ फोड. माझ्यासमोर."

घरात एकच नारळ उरला होता, आक्का घरी निघतील तेव्हा त्यांची ओटी भरायला ठेवलेला. तोच फोडला.

"ओटी चुकवलीस माझी," आक्का म्हणाल्या. "आता लवकर काय मी जात न्हाई."

पुढं भात नीट घोट, साखर बस कर, आच कमी कर. कैक महिन्यांचं साठलेलं समदं त्यांनी एका खिरीवर काढलं. आन् अर्धी वाटी खाल्ली. पोट बराबर राह्यलं, सलाईनही वेळेवर लागली. म्हशीची खीर ह्यांनी तक्रार न करता संपवली. ते दही मात्र मांजरानंही हुंगून सोडलं.

तर सुमे, पुढच्या वेळी येशील तेव्हा पेढे नको, नारळ आण. आन् ताकाची कढी खायची असली तर आक्कांना मस्का लावावा लागेल. विरजणाची वाटी आता त्यांच्या उशाशी असती, आन् पातेलं दाखवल्याबिगर मला चमचाभर दही भेटत न्हाई.