‘माझं’ नसलेली भाषा

सरोजिनीबाईंनी नोकरीत असेपर्यंत शाळेतल्या मुलींना मराठी व्याकरण शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर उरलेल्या पुण्याला. शेजारच्या लग्नाची पत्रिका त्यांनी तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवली होती. अशा बाई सत्तरीत आमच्या फ्रेंचच्या वर्गात येऊन बसल्या. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं बिचारी मागच्या बाकावर सरकली.

बाई आल्या त्या नातीसाठी. इला पाच वर्षांची, जन्मापासून फ्रान्सला. सून तिकडची, मराठी कुणी शिकवलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर आजी-नात नुसते हात हलवायच्या. फोन ठेवला की बाई घरभर चिडचिड करायच्या, कारण रडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“पुल्लिंगी नामाला ‘ल’, स्त्रीलिंगी नामाला ‘ला’. टेबल स्त्रीलिंगी,” आमची शिक्षिका उल्का म्हणाली.

“काहीतरीच! ते टेबल. नपुंसकलिंगी.”

“काकू, फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही.”

“नाही म्हणजे? गेलं कुठे?”

उल्का तिशीतली, सोशिक मुलगी. पण बाईंनी ‘माझं बाळ’ कसं म्हणायचं ते विचारलं, तेव्हा तिचीही पंचाईत झाली.

“बाळ पुल्लिंगी. ‘मोन बेबे’. माझा बाळ.”

“अगं, मुलगी आहे ती!”

“तरी पुल्लिंगीच. माझा किंवा माझी म्हणता येतं, काकू. ‘माझं’ नाही.”

“मग ही माणसं लाड कशात करतात?” बाईंनी विचारलं. फ्रान्सच्या वतीने उल्काने फळा पुसायला घेतला.

एका रविवारी भर वर्गात मुलाचा कॉल आला. बाईंनी घोकलेलं वाक्य काढलं आणि ते ‘ल’ की ‘ला’ यात अडकलं. इला टक लावून बघत होती. बाईंचा चेहरा पडला, मग लाल झाला.

“खड्ड्यात गेलं ते फ्रेंच!” त्या कडाडल्या. “काय करतंय गं माझं बाळ? जेवलं का?”

“मी जेवलं!” पोरगी टुणकन उडी मारून म्हणाली. “मी दमलं!”

मागून मुलगा ओशाळून म्हणाला, “आई, झोपवताना मी तिच्याशी आपलं मराठी बोलतो. एवढंच येतं तिला.”

उल्काने हळूच विचारलं, “काकू, ‘मी जेवले’ असं हवं ना?”

“तू गप्प बस,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “बरोबर बोललंय ते.”