शुक्रवारची इर्जिक

त्या वर्षी माझं आणि देवाचं चांगलंच बिनसलं होतं. संन्यासिनीनं असं म्हणू नये, पण खरं ते खरं. एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. लोणावळ्याजवळ, कुसगावच्या अंगाला, आमच्या मठाची उताराची जमीन होती. खाली भाताची खाचरं, वर हिरड्या-जांभळांचं रान, आणि रानाच्या पायथ्याशी उन्हाळ्यातही न आटणारा झरा. आम्ही चार सिस्टर मिळून ती कसत होतो. मी वसईच्या शेतकऱ्याची मुलगी, चिखलात पाय घातल्याशिवाय मला चैन पडत नसे. रानातला पालापाचोळा आणि गोठ्यातलं शेण, एवढ्यावर आमचं भात पिकायचं. खेकडे बांध पोखरतात, औषध टाका, असं सांगणारे पुष्कळ भेटायचे. पण ते पाणी पुढे ठाकरवाडीच्या पाणवठ्याला जात होतं, म्हणून मी बांध हातानं लिंपत बसायची आणि खेकड्यांना मनसोक्त शिव्या घालायची.

ऐन लावणीच्या तोंडावर दोन सिस्टर तापानं अंथरुणाला खिळल्या आणि आमच्या जोडीतला एक बैल पायानं अधू झाला. चिखलणी खोळंबली, वाफ्यातलं रोप जून होत चाललं. मुंबईचे एक गृहस्थ बंगल्यासाठी त्या जागेवर डोळा ठेवूनच होते. मदर सुपीरियर म्हणाल्या, "यंदा लावणी झाली नाही तर जमीन त्यांना देऊन टाकू. झेपत नाही ते धरून कशाला बसायचं?" त्यांचं चूक नव्हतं, पण बंगल्याला सपाट जागा लागणार, म्हणजे रान तुटणार आणि रानाबरोबर झराही जाणार. मला रडू यायचं आणि रागही. रोज प्रार्थनेत मी मरियामातेला टोमणे मारायची, "बाई गं, तूही घरसंसार केलास, तुला साधा एक बैल बरा करता येत नाही?"

आमच्याकडे रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळची मिस्सा, म्हणजे आमची उपासना, होईपर्यंत मौन असे. घराला आग लागली तरच तोंड उघडायचं, असा कडक नियम. एका सकाळी मिस्सेआधी मी गोठ्यात वैरण टाकत होते, तर खालच्या गावचे धोंडूभाऊ इरलं पांघरून दारात उभे.

"शिष्टरबाई, रोप जून व्हाया लागलं की. शुक्रवारी आमी समदी इर्जिक करतो तुमच्यात. बैलं घिऊनच येतो. चालंल न्हवं?"

इर्जिक म्हणजे सगळ्या गावानं आपापली औतं आणून एकाचं शेत विनामोबदला करून द्यायचं, आणि त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. आषाढात ते जेवण मटणाचंच. आमच्याकडे तर शुक्रवारी मांस शिजत नसे, आणि एवढ्या माणसांचं रांधायला हातही नव्हते. शिवाय गावाला आपण द्यायचं, गावाकडून घ्यायचं नाही, हा माझा ताठा वेगळाच. 'नको भाऊ, आभारी आहे' हे ओठांवर आलं होतं. पण बोलायची सोय नव्हती. 'जरा थांबा, मिस्सा होऊ द्या' अशा अर्थानं मी हात जोडले. त्यांनीही लगेच हात जोडले.

"व्हय ना? मंग झालं तर!" म्हणत ते तरातरा निघूनही गेले.

मिस्सा संपताच मी धावत गाव गाठलं, पण तोवर निरोप वाडीपर्यंत पोहोचला होता आणि बायका गाणी कुठली म्हणायची यावर भांडत होत्या. मदरना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून बसल्या, आणि मग हसतच सुटल्या.

शुक्रवारी खाचरांत बैलच बैल झाले. बाहेर हाकारे आणि गाणी, आणि मी स्वयंपाकघरात डाळीच्या पातेल्यासमोर शरमेनं मेल्याहून मेल्यासारखी झालेली. सकाळपासून चिखलात राबलेल्या माणसांपुढे वरण-भात कुठल्या तोंडानं ठेवायचा? तेवढ्यात ठाकरवाडीची सखूमावशी भिजलेलं लुगडं सावरत आत आली आणि तिनं डोक्यावरची पाटी माझ्यापुढे उतरवली. पाटीत खेकडेच खेकडे, एकमेकांवर चढणारे.

"बांध लिंपताना गावलं. लय हायती तुमच्यात," ती म्हणाली. "खाली औषीद मारल्यापून एक दिसत न्हाई बग."

खेकडा मासळीत मोडतो. शुक्रवारी चालतो! मी तिथंच क्रूसाची खूण केली आणि पदर नव्हता म्हणून झग्याच्या बाह्या वर सारल्या. वसईच्या माणसाला खेकड्याचं कालवण शिकवावं लागत नाही. सखूमावशीनं लसूण सोलला, मी खोबरं भाजलं, आणि वास बांधापर्यंत गेला. धोंडूभाऊ नांग्या फोडता फोडता म्हणाले, "मटान ऱ्हाऊ द्या. म्होरल्या सालीबी ह्येच करा."

संध्याकाळी सगळी खाचरं हिरवी झाली होती. मदर गुडघाभर चिखलात उतरून एक ओळ लावून आल्या होत्या. ती वाकडी आली म्हणून बायका त्यांची थट्टा करत होत्या. वर येताना त्या मला म्हणाल्या, "त्या मुंबईच्या साहेबांना कळवते, जागा रिकामी नाही."

बैल काही बरा झाला नाही. तो पुढे दिवाळीपर्यंत लंगडतच होता. मी इतके दिवस एका बैलासाठी हट्ट धरून बसले होते आणि देवानं गावातले सगळे बैल दारात आणले, तेही मी 'नको' म्हणायच्या बेतात असताना. त्या सकाळी मला बोलता आलं असतं तर आज तिथं बंगला असता. मी अजूनही प्रार्थनेत भांडते. पण भांडून झालं की आभार मानते आणि थोडा वेळ गप्प बसते, म्हणजे त्याला त्याचं काम करता येतं.