जाऊबाईंची सुंठ
सुंठीचा वास आला की नाकाआधी माझा जीव जळतो. एका उन्हाळ्यात मोठ्या जाऊबाईंनी आणि मी गच्चीवर शेजारीशेजारी आलं वाळवलं. त्यांनी आडव्या पातळ चकत्या केल्या; मी उभं चिरलं, म्हणून माझ्या भुकटीत तंतू राहिले. सासूबाईंनी दोन्ही भुकट्या चिमटीत चोळून पाहिल्या. “हिची पाह्य कशी मैद्यावानी! तुह्यात नुसते दोरेच!” मी फणकारले, “तंतू पोटाले चांगले असतात!” जाऊबाई म्हणाल्या, “मंग तूच खाय ना!” माझा नवराही खो खो हसला. पुढे जाऊबाई खामगावला राहायला गेल्या, तेव्हा मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. आज सकाळी नवरा खोकत खोकत स्वयंपाकघरात आला. म्हणाला, “वहिनीच्या हातची सुंठ उरली हाये काय थोडी?”